तख्ताची तहान आणि रोहिणखेडचा घाट

मे महिन्यात बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की दोन-तीन वळणांत हवा पालटते. वर गावात झाडाखाली उभं राहिलं तर निभतं. खाली उतरलं की झळा तोंडावर येतात, ओठ सुकतात, आणि एसटीतली एखादी मावशी पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी लेकराच्या तोंडाला लावते. याच डोंगराच्या पायथ्याशी रोहिणखेड आहे. १५९१ सालच्या अशाच मे महिन्यात इथे एक अख्खी फौज पाण्यावाचून कासावीस झाली होती. फौजेचा धनी होता जमालखान महदवी. अहमदनगरच्या निजामशाहीत त्या वेळी त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. तख्तावर सुलतान होता, पण तो कोवळा पोर. जमालखानानेच कैदेतून आलेल्या त्या पोराला हाताशी धरलं होतं.

हुकूमशहा म्हटलं की आपल्याला युरोपातली माणसं आठवतात. स्टॅलिनचा बाप दारू पिऊन त्याला मारायचा, हिटलरच्या बापाचा हातही असाच सैल होता, हे आपण वाचलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या घाटात, तळ्याकाठी, माळावर सत्तेसाठी पेटलेल्या माणसांचे हिशेब चुकते झाले, ते मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. गंमत अशी की त्यातल्या बहुतेकांच्या मागे एक जळलेलं बालपण आहे. एकाच्या बाबतीत तर शब्दशः जळलेलं.

पेटलेला बिछाना

मूर्तजा निजामशहा १५६५ मध्ये गादीवर आला, तेव्हा कारभार आईच्या हाती होता. आईचं नाव खुंजा हुमायून. पोरगं हाताशी आलं आणि त्यानं आईलाच कैदेत टाकलं. भाऊ बुऱ्हाण, त्यालाही लोहगडावर कोंडलं. १५७४ मध्ये मूर्तजानं वऱ्हाड जिंकलं आणि आजचा बुलढाणा जिल्हा निजामशाहीत आला. वऱ्हाडात तरी काय वेगळं चाललं होतं? तिथे तुफालखान नावाच्या वजिरानं आपल्याच बालसुलतानाला, बुऱ्हाण इमादशहाला, नरनाळ्याच्या किल्ल्यात डांबलं होतं आणि स्वतः राज्य करत होता. नरनाळा पडला, तुफालखान पकडला गेला. कैद करणारा आणि कैदी, दोघेही पुढे निजामशहाच्याच कैदेत मेले.

वऱ्हाड जिंकून देणारा वजीर होता चंगेजखान. नावावर जाऊ नका, हा मंगोल नव्हे. हा हबशी, एकेकाळचा गुलाम. मूर्तजाच्या कानात कुणीतरी संशय ओतला, की हा वऱ्हाडात स्वतःचं राज्य मांडणार. मूर्तजानं त्याला विष पाजलं. त्यानंतर मूर्तजाचं मन जे फिरलं ते फिरलंच. राज्य सोडून बागेतल्या महालात बंद होऊन बसायचा, महिनोन् महिने दरबाराला तोंड दाखवायचा नाही. लोक त्याला 'दिवाना' म्हणू लागले. वेड्या राजाच्या नावानं हुकूम काढणाऱ्यांची मग रांगच लागली.

या माणसाचा मुलगा मीरान हुसेन. बापाला वाटू लागलं की पोरगा आपलं तख्त घेणार. एका रात्री पोरगा झोपलेला असताना त्याच्या बिछान्याला आग लावण्यात आली आणि दार बाहेरून बंद झालं. पोरगा वाचला. त्याला गुपचूप दौलताबादेला पोचवण्यात आलं. तिथून तो परत आला तो फौज घेऊन, मिर्झाखान नावाच्या सरदाराच्या आधारानं. १५८८ च्या जूनमध्ये त्यानं आजारी बापाला हमामखान्यात कोंडलं, खालून जाळ वाढवला, दारं-खिडक्या लावून घेतल्या. मूर्तजा त्या वाफेत गुदमरून मेला. आगीला आगीनं उत्तर. मुलगा तेव्हा सोळा वर्षांच्या आसपासचा होता.

ही हकिगत आपल्याला कळते ती फरिश्तामुळे. दख्खनचा हा मोठा इतिहासकार त्या दिवशी राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता. मीरान हुसेनची माणसं पहारेकऱ्यांना कापत आत शिरली. फरिश्ताही तिथेच संपला असता. पण मीरान हुसेननं त्याला ओळखलं. फरिश्ताच्या वडिलांना राजपुत्राला फारसी शिकवण्यासाठी नेमलं होतं, दोघं पोरं एकत्र शिकलेली. त्या ओळखीवर फरिश्ताचा जीव वाचला आणि दख्खनचा अर्धाअधिक इतिहास आपल्या हाती लागला. त्या घडीला एका सोळा वर्षांच्या खुनशी पोराला शाळासोबती आठवला नसता, तर मी हा लेख कशाच्या आधारावर लिहिला असता, असं राहून राहून मनात येतं.

तीन वर्षांत चार धनी

मीरान हुसेनचं राज्य जेमतेम दहा महिने टिकलं. घराण्यातले हाती लागले तेवढे पुरुष वारसदार त्यानं मारून टाकले. रात्री दारू पिऊन सोबत्यांसह रस्त्यावर घोडा घालायचा आणि दिसेल त्याच्यावर शस्त्र चालवायचा, असं फरिश्ता लिहितो. ज्या मिर्झाखानानं त्याला गादीवर बसवलं, त्यालाच आता आपल्या मानेची काळजी वाटू लागली. त्यानं मीरान हुसेनला अहमदनगरच्या किल्ल्यात पकडून ठेवलं आणि लोहगडावर कैदेत असलेली बुऱ्हाणची दोन पोरं, इब्राहिम आणि इस्माईल, मागवून घेतली. त्यातल्या धाकट्या इस्माईलला सुलतान करायचं ठरलं.

इथे जमालखान पुढे येतो. किल्ल्याबाहेर दख्खनी आणि हबशी शिपायांचा जमाव घेऊन तो उभा राहिला: आमचा सुलतान आम्हाला दाखवा. मिर्झाखानानं मीरान हुसेनचं डोकं कापून तटावरून दाखवलं. आता हा तुमचा सुलतान राहिला नाही, तेव्हा घरी जा, असा त्याचा हिशेब. जमाव उलट भडकला. किल्ल्याच्या दरवाजाला आग लागली, जमाव आत घुसला आणि शहरातल्या परदेशी मुसलमानांची, म्हणजे इराण-तुराणकडून आलेल्या लोकांची, कत्तल सुरू झाली. ती कित्येक दिवस चालली. मिर्झाखान जुन्नरकडे पळाला, पकडला गेला, हाल करून मारला गेला. फरिश्ताही अहमदनगर सोडून विजापूरला गेला.

मोजून पाहा. जून १५८८ मध्ये मूर्तजा, मग मीरान हुसेन, मग मिर्झाखान, आणि मे १५९१ मध्ये रोहिणखेडला जमालखान. पुरती तीन वर्षंही झाली नाहीत आणि एकाच राज्याचे चार धनी ठार झाले. यातला एकही अंथरुणात मेला नाही.

सलाबतखान: जो बेड्या घालून घेतो

या सगळ्या गोंधळात एका माणसासमोर मी थांबतो. सलाबतखान. दिवाना मूर्तजाच्या काळात वर्षानुवर्षं त्यानं राज्य नीट चालवलं. लोक त्याच्यावर खूश होते. एक दिवस वेड्या राजाला लहर आली आणि त्यानं सलाबतखानाला कैदेचा हुकूम दिला. भोवतालचे लोक म्हणाले, तुमच्या हाती फौज आहे, हुकूम मानू नका. त्यानं मानला. दंडाराजपुरीच्या किल्ल्यात जायचं तर मी जातो, म्हणाला आणि निघाला.

पुढे सुटल्यावर वऱ्हाडातून फौज घेऊन तो जमालखानाविरुद्ध उभा राहिला, पैठणच्या बाजूला हरला, आणि लवकरच म्हातारपणानं वारला. नगरजवळच्या डोंगरावरची उंच अष्टकोनी इमारत तुम्ही पाहिली असेल, सहलीतही गेला असाल. सगळे तिला 'चांदबिबी महाल' म्हणतात. तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्या चांदबिबीचं नाव त्या कबरीला चिकटलं, ती दिवान्या मूर्तजाची आणि लोहगडावर कोंडलेल्या बुऱ्हाणची सख्खी बहीण. तिनंही कैद पाहिली: विजापुरात किश्वरखान नावाचा कारभारी शिरजोर झाला, तेव्हा त्यानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवलं होतं.

पाणी

जमालखानानं दोन वर्षं राज्य केलं. त्याचा पंथ महदवी. पंधराव्या शतकातल्या जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना महदी, म्हणजे शेवटच्या काळी येणारा मार्गदर्शक, मानणारा हा पंथ. त्याच्या अनुयायांना ठिकठिकाणी छळ सोसावा लागला होता. सय्यद मुहंमद स्वतः गावोगावहून हाकलले जात जात अफगाणिस्तानातल्या फराह इथे १५०५ मध्ये वारले. जमालखान त्या छळलेल्या लोकांतला. सत्ता हाती येताच त्यानं आपल्या पंथाला राजधर्म केलं. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून महदवी अहमदनगरकडे लोटले. पोरसवद्या इस्माईललाही त्याच पंथाचं शिक्षण मिळालं. काल ज्यांना हाकललं जात होतं, त्यांच्या हाती आज दरवाजाची किल्ली आली, आणि दरवाजा इतरांसाठी बंद झाला.

आता इस्माईलचा बाप बुऱ्हाण कुठे होता? लोहगडावरून सुटून तो विजापूरमार्गे थेट अकबराच्या आश्रयाला गेला होता. पोरगा तख्तावर बसल्याचं कळलं तसा तो दख्खनकडे निघाला. अकबर फौज द्यायला तयार होता. बुऱ्हाणनं मोगली फौज नको म्हटलं. ती पाहून आपलेच लोक बिथरतील, हे त्याला कळत होतं. पहिला प्रयत्न फसला. मग बुऱ्हाणपूरच्या राजा अलीखान फारुकीनं हात दिला, वऱ्हाडातले सरदार फोडले, आणि विजापूरकरांनाही दुसऱ्या बाजूनं उठवलं.

जमालखान दोन्हीकडून घेरला गेला. आधी तो दक्षिणेला वळला. धाराशिवजवळ विजापूरच्या दिलावरखानाला त्यानं झोडपून काढलं, हत्ती लुटले. याच मोहिमेत विजापूरकडून लढणारा फरिश्ता जखमी होऊन जमालखानाच्या कैदेत पडला आणि निसटला; या माणसाचं नशीब खरंच दांडगं. दिलावरखानही आपल्या राज्यातला असाच सर्वेसर्वा होता. बालसुलतान इब्राहिम आदिलशहाच्या नावानं आठ वर्षं त्यानं विजापूर चालवलं होतं, आणि प्रतिस्पर्ध्यांचे डोळे काढले होते. पुढे सुलतान मोठा झाला आणि त्यानं दिलावरखानाचे डोळे काढले.

धाराशिवचा विजय अंगावर असतानाच जमालखान उत्तरेकडे धावला. उन्हाळा ऐन भरात. वाटेत वऱ्हाडची फौज बुऱ्हाणला मिळाल्याची बातमी आली. घाटाच्या सोप्या वाटा शत्रूनं धरल्या होत्या, म्हणून त्यानं अवघड वाट पकडली. धाराशिवपासून रोहिणखेडपर्यंतचं अंतर आजच्या गाडीनंही एका दिवसाचं आहे. आणि तो हत्ती, घोडे, बैल आणि बाजारबुणग्यांसह निघाला होता. डोंगर उतरेपर्यंत माणसं आणि जनावरं तहानेनं व्याकूळ झाली. जवळ पाणी आहे असं कळून तिकडे सरकावं, तर तिथे बुऱ्हाणचा तळ आधीच पडलेला.

मला वाटतं, लढाईचा निकाल तिथेच लागला होता. तलवार काढायच्या आधी. जमालखानानं तरीही त्याच दिवशी हल्ला केला. थांबून उपयोग नव्हता. रात्र पाण्याविना काढली असती तर सकाळी लढायला कुणी उरलंच नसतं. त्याची माणसं जिवावर उदार होऊन लढली, पारडं त्यांच्याकडे झुकूही लागलं होतं, आणि तेवढ्यात एक गोळी जमालखानाच्या कपाळात घुसली. तो पडल्याबरोबर फौज फुटली. सुलतान इस्माईल पकडला गेला.

आता ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. बापानं लढाई जिंकली ती पोटच्या पोराच्या फौजेविरुद्ध. लोहगडाच्या कैदेतून ज्याला बाहेर काढून मुकुट चढवला होता, तो पोरगा बापाच्या हुकमानं पुन्हा कैदेत गेला. बुऱ्हाण निजामशहा म्हणून बाप तख्तावर बसला आणि चार वर्षांनी, १५९५ मध्ये, वारला. जाताना त्यानं वारस नेमला तो दुसरा मुलगा, इब्राहिम. इस्माईलवर महदवी शिक्का बसला होता. इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना मारला गेला. पाठोपाठ मोगल आले, आणि अहमदनगरचा किल्ला लढवायला उभी राहिली ती आत्या चांदबिबी.

जुन्या गॅझेटियरमध्ये रोहिणखेडच्या लढाईचं साल १५९० छापलेलं आढळेल. गोंधळ हिजरी सनाचा आहे. लढाई ९९९ हिजरीतली, आणि ते वर्ष १५९० च्या शरद ऋतूत सुरू होऊन १५९१ मध्ये संपतं. रजब महिना धरला की तारीख मे १५९१ मध्येच येते, आणि तहानेची गोष्ट मे महिन्यातच पटते.

रोहिणखेडला एक छोटी पण फार देखणी मशीद आहे, १५८२ सालची. बांधणारा खुदावंदखान, हाही महदवी. म्हणजे जमालखान इथे पडला, त्याच्या नऊ वर्षं आधीपासून त्याच्या पंथाची वास्तू इथे उभी होती. त्या धावपळीत, त्या तहानेत, आपल्याच लोकांच्या त्या मशिदीकडे त्याची नजर गेली असेल का?

एका रुसव्यानं पेटलेली लढाई

रोहिणखेडच्या वाट्याला यापूर्वीही एक लढाई आली होती, १४३७ मध्ये. तिचं कारण बहामनी जनानखान्यातलं. सुलतान अलाउद्दीन अहमदशहाची बेगम खानदेशच्या नासिरखान फारुकीची मुलगी. सुलतानाचं मन कोकणातल्या एका राजाच्या मुलीवर जडलं; तिचं रूप असं की तिला परीचेहरा म्हणत. बेगमेनं बापाला पत्र लिहिलं. बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला. लेकीचा अपमान खरा होता. वऱ्हाडची हावही खरी होती. रोहिणखेडला बहामनी सेनापती मलिक-उत-तुज्जारनं त्याला हरवलं आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. नासिरखान त्याच वर्षी वारला. विजयी मलिक-उत-तुज्जारचं नाव मराठी वाचकाला दुसरीकडून ओळखीचं असेल: पुढे शिर्क्यांनी विशाळगडाच्या जंगलात नेऊन ज्याला कोंडून मारलं, तोच हा.

आपल्या गावांची नावं

सत्तेनं माजलेल्यांच्या गोष्टी जिल्ह्यातल्या दंतकथांतही आहेत. मेहकर हे नाव मेघंकर नावाच्या राक्षसावरून आलं, असं तिथले लोक सांगतात. त्याला विष्णूनं शारंगधराच्या रूपात मारलं. मेहकरच्या बालाजीची ती भव्य काळी मूर्ती शारंगधराचीच, १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली.

लोणारचा लवणासुर तर पुराणातला पक्का हुकूमशहा. जमिनीखाली लपून राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून लपायची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं. दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर त्याचीच आठवण. शास्त्र म्हणतं, अशनी पडून बेसाल्ट खडकात जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला. जून २०२० मध्ये त्यातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा अख्ख्या जगानं लोणारकडे पाहिलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. काठावरचे म्हातारे मात्र लवणासुराच्या रक्ताचीच गोष्ट सांगत आले आहेत.

हैदराबादचं राज्य जन्मलं कुठे? साखरखेर्ड्याला

अहमदनगरचे निजामशहा वेगळे, हैदराबादचा निजाम वेगळा. मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे. पण हैदराबादच्या राज्याचा पाया बुलढाणा जिल्ह्यातच घातला गेला, सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला.

पहिला निजाम मीर कमरुद्दीन, जन्म १६७१. घर लढवय्यांचं, आणि घरात जखमाच जखमा. आजोबा कुलीचखान १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफगोळ्यानं हात उडून मेले. शस्त्रवैद्य खांद्यातली हाडांची कुसळं उपटत होता आणि आजोबा दुसऱ्या हातानं कॉफी पीत शांतपणे बोलत बसले होते, अशी हकिगत आहे. वडील फिरोजजंग साथीत आंधळे झाले. तरी फौज चालवायचे, पुढे वऱ्हाडचे सुभेदारही झाले. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं हे सगळं जवळून पाहिलं.

उतारवयात त्याला दिल्लीची वजिरी मिळाली. औरंगजेबाच्या शिस्तीत वाढलेला हा माणूस मुहंमदशहाच्या रंगेल दरबारात जुन्या पद्धतीनं लवून मुजरा करायचा, तेव्हा बादशहाचे तरुण सोबती दख्खनी माकड नाचलं म्हणून हसायचे, असं सांगतात. शिकारीचं निमित्त काढून तो दिल्लीतून निघाला तो परत न फिरण्यासाठी. बादशहानं हैदराबादच्या मुबारिजखानाला आतून इशारा केला: याला संपव, दख्खनची सुभेदारी तुझी.

११ ऑक्टोबर १७२४. साखरखेर्ड्याच्या मैदानात हत्तीवर बसलेला मुबारिजखान दोन मुलांसह मारला गेला. निजामानं त्याचं डोकं दिल्लीला पाठवलं, आणि बंडखोराला शासन झालं म्हणून बादशहाचंच अभिनंदन केलं. बादशहाला ते अभिनंदन स्वीकारावं लागलं. पुढच्या वर्षी त्यानं 'आसफजाह' हा किताबही दिला. गावाला निजामानं फत्तेखेर्डा नाव दिलं. गावकऱ्यांच्या तोंडात मात्र साखरच राहिली. आज साखरखेर्डा म्हटलं की आधी संत प्रल्हाद महाराजांचं नाव येतं, निजामाचं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

निजामाच्या घराण्यात सात कुलच्यांची गोष्ट आहे. एका सुफी संतानं भुकेल्या कमरुद्दीनपुढे कुलचे ठेवले, त्यानं सात खाल्ले, आणि संत म्हणाला, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. हैदराबादच्या पिवळ्या झेंड्यावरचा गोल त्या कुलच्याचा, असं मानतात. मधले गादीवर बसलेले तिघे 'आसफजाह' म्हणून मोजत नाहीत, म्हणून आकडा सातावर येतो. सातवे मीर उस्मान अली, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य संपलं. साखरखेर्ड्यापासून धरलं तर २२४ वर्षं.

आपला वऱ्हाड या सगळ्यात कागदावर निजामाचाच होता. फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढली म्हणून १८५३ मध्ये इंग्रजांनी तो कारभारासाठी घेतला. १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच लिहून घेतला. मान राखायला १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला किताब मिळाला: प्रिन्स ऑफ बेरार. आपले आजोबा-पणजोबा शेतसारा भरत होते इंग्रजांना आणि जमिनीचा नावापुरता धनी बसला होता हैदराबादेत.

विकलेला पोरगा आणि सिंदखेडचे जाधव

मूर्तजानं विष पाजलेला तो चंगेजखान आठवतो ना? मरण्यापूर्वी त्यानं एक हबशी पोरगा विकत घेतला होता. इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा, बाजारांतून हातोहात विकला गेलेला. तोच मलिक अंबर. धनी मेला, पोरगा मोकळा झाला, शिपाईगिरी करत वर चढला आणि १६०० नंतर मोडकळीला आलेली निजामशाही त्यानं एकट्यानं उभी धरली. सुलतान नावाला, हुकूम अंबरचा. जहांगीर बादशहा त्याला इतका वैतागला की अंबरचं कापलेलं डोकं भाल्यावर आहे आणि आपण त्यावर बाण मारतोय, असं चित्र त्यानं काढून घेतलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते डोकं जहांगीरच्या हाती कधी लागलं नाही. १६२६ मध्ये अंबर वयोवृद्ध होऊन मेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. या लेखातल्या सत्ताधाऱ्यांमध्ये अंबरबद्दल माझ्या मनात मान आहे. त्यानं खडकी वसवली, तिला नहर दिली, जमिनीची मोजणी करून सारा बांधला.

पण त्याच्या एकहाती कारभाराचा जाच सरदारांना होत होता. सिंदखेडचे लखुजी जाधवराव मोगलांकडे गेले आणि १६१६ मध्ये रोषणगावला अंबरचा पराभव झाला. अंबर गेल्यावर लखुजी परत निजामशाहीत आले. आता तरुण निजामशहा अंबरच्या सावलीतून सुटला होता. लहानपणापासून दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं म्हणून वाढलेल्या त्या माणसाला प्रत्येक बलाढ्य सरदारात नवा अंबर दिसू लागला.

२५ जुलै १६२९. दौलताबादच्या दरबारात लखुजी मुजऱ्याला गेले ते मुलांना आणि नातवाला घेऊन. निजामशहा उठून आत गेला आणि दबा धरून बसलेली माणसं तुटून पडली. लखुजी, अचलोजी, रघुजी आणि नातू यशवंतराव, चौघे तिथेच ठार. बातमी कळताच लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई उरलेल्या माणसांसह सिंदखेडला निघाल्या.

निजामशहाची भीती पुढे खरी ठरली, पण वेगळ्या वाटेनं. त्यानं कैदेत टाकलेला अंबरचा मुलगा फत्तेखान, त्यालाच नाइलाजानं बाहेर काढावं लागलं. फत्तेखानानं निजामशहाला ठार करून दहा वर्षांचा एक पोर गादीवर बसवला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं.

सिंदखेडराजाला आज गेलात तर जिजाऊंचा जन्म जिथे झाला तो वाडा बघून परत फिरू नका. लखुजींच्या समाधीपर्यंत जा. दगडी, भक्कम, चौरस. आत शिरलं की बाहेरचं ऊन आणि आवाज दोन्ही मागे राहतात. तिथे उभं राहून एक हिशेब करा. चौघांना मारलं तो दिवस २५ जुलै १६२९. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०. मधे सात महिनेही नाहीत. वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी दरबारात कापले गेल्याची बातमी जिजाऊंनी ऐकली, तेव्हा बाळ पोटात होतं.